गावच्या जुन्या चर्चची डागडुजी: सुट्टीत सेवेला निघालेल्या तरुण संघांसाठी

मे महिना जवळ आला की पुण्या-मुंबईच्या चर्चमधल्या तरुण संघांना सेवेचे वेध लागतात. सुट्टीतली बायबल शाळा असते, आरोग्य तपासणी असते, आणि हल्ली त्यात गावच्या चर्चच्या डागडुजीची भर पडली आहे. कल्पना चांगलीच आहे. पण वीस-पंचवीस उत्साही पोरं, रंगाचे चार डबे आणि हातात आठवडा, एवढ्या भांडवलावर जुनी इमारत दुरुस्त होत नाही. बरेचदा बिघडते. रंग लावताना फोटो छान येतात आणि दोन पावसाळ्यांत पोपडे पडतात.

हा लेख आहे अहिल्यानगर, सोलापूर, सातारा, जालना या भागांतल्या जुन्या मिशनच्या चर्चबद्दल. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली आणि 1831 मध्ये अहमदनगरला त्यांचं ठाणं पडलं. पुढे खेड्याखेड्यांत लहान इमारती उभ्या राहिल्या. दिवसा शाळा आणि रविवारी उपासना, असा दुहेरी उपयोग त्यातल्या अनेकींचा होता. काळ्या दगडाच्या भिंती, चुना-मातीची जोडणी, सागवानी कैच्या (छपराचा भार घेणारे लाकडी सांगाडे) आणि वर कौलं, असा साधारण थाट. सिमेंट-विटांच्या नव्या इमारतीला यातलं बरंच लागू नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: आधी पाणी, शेवटी रंग. छप्पर गळतंय, पन्हळ तुटलीय, भिंतीच्या पायाशी पाणी मुरतंय, तोवर आतून कितीही सफेदी करा, व्यर्थ आहे.

1. आधी बोलावणं, मग तारीख

पाळकसाहेब फोनवर "या, या, आपलंच घर आहे" म्हणाले, म्हणजे निमंत्रण मिळालं असं समजू नका. पाळकांच्या बदल्या होतात, मंडळी तिथेच राहते. म्हणून गावच्या पास्टरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचा ठराव मागा. त्यात कोणतं काम, कोणत्या तारखा आणि गावाकडून जबाबदार दोन माणसं कोण, एवढं तरी लिहिलेलं असावं. ठराव मागितल्याने कुणी दुखावत नाही. उलट कमिटीची बैठक होते आणि ज्या काकांना हे काम मुळात नकोच आहे ते आधीच बोलून टाकतात. पोरं परांचीवर चढल्यावर बोलण्यापेक्षा हे बरं.

तारीख ठरवताना तीन गोष्टी विचारा. पहिली, लग्नं. मे म्हणजे लग्नसराई, आणि चर्चमध्ये लग्न ठरलेलं असलं तर आदल्या दिवशी तुमची परांची खाली उतरलेली पाहिजे. दुसरी, आठवडी बाजार. त्या दिवशी गवंडी येत नाही, बिगारीही येत नाही. त्या दिवशी सामान लावा, दारं-खिडक्या घासा. तिसरी, पाऊस. मृग लागतो 7 जूनच्या आसपास, पण वळीव त्याआधी कधीही गाठतो. छपराचं काम 20 मेच्या पुढे ढकलू नका आणि ताडपत्री पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवा.

आणखी एक प्रश्न आहे, जो शहरातून निघताना सुचत नाही: पाणी कुठलं वापरणार? चुन्याच्या कामाला पाणी भरपूर लागतं, भिजवायला आणि नंतर शिंपायलाही. पाथर्डी, पारनेरच्या बाजूला मे महिन्यात प्यायला टँकर येत असतो. तिथे चर्चच्या भिंतीवर पाणी मारताना बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतील, तर तुमच्या सेवेबद्दल गावाचं मत काय होईल ते सांगायला नको. बांधकामाच्या पाण्याचा वेगळा टँकर ठरवा आणि तो खर्चात धरा. तेवढं शक्य नसेल तर चुन्याचं काम दिवाळीनंतर ठेवा. खरं तर त्याला हवाही तीच मानवते.

2. इमारत कुणाच्या नावावर आहे ते पाहा

गावाला वाटतं चर्च आपलं आहे, आणि ते खरंही आहे. कागदावर मात्र मालक बहुधा एखादा ट्रस्ट असतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 मध्ये स्थापन झाली, त्यात अनेक जुनी मिशनं आणि मंडळ्या एकत्र आल्या, आणि मालमत्तेची गुंतागुंत तिथपासून चालत आलेली आहे. त्यामुळे धर्मप्रांताच्या कार्यालयातून किंवा विश्वस्तांकडून डागडुजीला लेखी संमती घ्या. जागा विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. साध्या डागडुजीचं तसं नाही, पण विश्वस्तांना अंधारात ठेवून भिंतीला हात लावू नये.

जागेवरून कोर्टात दावा चालू आहे का, हे स्पष्ट विचारा. 'जैसे थे'चा आदेश असेल तर साधं कौल बदलणंही अंगाशी येऊ शकतं. अशा ठिकाणी बायबल शाळा घ्या, अंगण झाडा, इमारतीला हात लावू नका.

जवळपास पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक असेल तर आणखी जपा. त्याच्या हद्दीपासून 100 मीटर निषिद्ध क्षेत्र आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते. इमारत स्वतःच संरक्षित असेल तर स्वयंसेवकांचा तिथे संबंधच नाही. जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये जाऊन "आम्ही भिंत साफ करून देतो" म्हणायची सोय नाही.

गोव्यावरून आठवलं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चची लाल-तांबडी भिंत पाहून लोकांना वाटतं ती पहिल्यापासून तशीच असावी. 1605 साली अभिषेक झालेल्या त्या बॅसिलिकेला बाहेरून चुन्याचा गिलावा होता. तो 1950च्या दशकात काढून टाकला गेला. तेव्हापासून उघडा जांभा दगड पाऊस पितो आहे, आणि गिलावा परत करावा की नाही यावर वाद चालू आहे. 'दगड उघडा करू, मस्त दिसेल' असं तुमच्या गटातला कुणी म्हणाला, तर त्याला ही गोष्ट सांगा.

3. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहणी

सगळा गट नेऊ नका. दोघं-तिघं जा. एकाला बांधकामातलं कळत असावं, आणि सोबत गावातला किंवा शेजारच्या गावातला म्हातारा गवंडी असावा. चुन्यात हात घातलेला गवंडी आता शोधावा लागतो, म्हणून पाहणी इतकी आधी. पन्नाशीच्या खालचे बहुतेक गवंडी "चुना कशाला, सिमेंट मारू की" म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नका, शोध चालू ठेवा.

पाहणी वरून खाली करत या. कौलं किती फुटलीत, कोन्याची कौलं हललीत का, रिपा नि वासे वाळवीने पोखरलेत का. वाळवी डोळ्यांना दिसत नाही. लाकडावर हातोडीने ठोका, पोकळ आवाज आला की समजा. सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे कैचीचं टोक जिथे भिंतीत शिरतं ती. तिथे ओल असेल तर लाकूड आतून कुजलेलं असू शकतं, आणि ते काम स्वयंसेवकांचं नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा.

मग पागोळ्या कुठे पडतात ते पाहा. पन्हळ नसेल तर कौलांवरचं सगळं पाणी जोत्याशी आदळतं, माती उखडते, भिंत खालून ओल धरते आणि आतल्या बाजूने हातभर उंचीपर्यंत लोणा लागतो. पांढरी भुकटी दिसते ती हीच. बाहेरच्या अंगणाची पातळी वर्षानुवर्षं भराव टाकून जोत्याच्या वर आली असेल, तर तुमचं पहिलं काम सापडलं: फावडी घ्या आणि माती काढा. याला कौशल्य लागत नाही, हात भरपूर लागतात, आणि इमारतीचा फायदा रंगापेक्षा कितीतरी जास्त होतो.

भिंतीवर आधीच्या कुणी सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट केलाय का, याची नोंद करा. उभ्या भेगा दिसल्या तर पेन्सिलीने त्यांची टोकं खुणा करून तारीख लिहा. मे महिन्यात भेग पुढे सरकलेली दिसली तर काम थांबवून इंजिनिअरला बोलवा. छपराला पत्रे असतील तर कसले ते विचारा. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतात. त्यांना भोक पाडू नका, फोडू नका, आणि त्यांच्यावर पाय तर मुळीच देऊ नका.

वर पाहताना मोहळ दिसतंय का तेही बघा. घंटेच्या कमानीखाली आग्या मोहळ असणं नवल नाही. ठोकाठोकी आणि धूर यांनी ते उठतं. मोहळ काढणारा माणूस आधी बोलवा, काम त्यानंतर.

सगळ्याचे फोटो काढा. चारही भिंती, प्रत्येक कोपरा, मोजपट्टी शेजारी धरून.

4. काम निवडा, आणि कमी निवडा

आठवड्याभराच्या गटाला पेलणारी कामं अशी: माती काढून जोतं मोकळं करणं, चर खणून पाण्याला वाट देणं, फुटकी कौलं बदलायला खालून हातोहात पोचवणं, पडीक गिलावा खरवडणं, गवंड्याच्या हाताखाली दर्जा (दगडांमधले सांधे) भरणं, चुन्याची सफेदी, बाकांची दुरुस्ती, दारं-खिडक्यांना तेल.

न पेलणारी: कैच्या बदलणं, भिंत पाडणं किंवा नवं भोक पाडणं, विजेची मुख्य जोडणी, कौलांवर चढणं. ओल्या रिपेवरून पाय घसरायला अनुभव लागत नाही.

'फरशी काढून टाइल्स बसवू' ही मागणी गावाकडूनच येईल. कमिटीला टाइल्स हव्या असतात, त्यात चूक काही नाही, घरोघर टाइल्स आल्यात. पण जुन्या शहाबादी फरशीखालची ओल फटींतून निघून जाते. वरून चकचकीत टाइल बसली की ती भिंतीकडे वळते. हे कमिटीला समजावून सांगा. निर्णय मात्र त्यांचा. उपासनेला तिथे तेच बसणार आहेत.

5. कागदपत्रं

एका फाइलमध्ये ठेवा, दोन प्रती:

- पास्टरेट कमिटीचा ठराव आणि विश्वस्तांची संमती
- तुमच्या चर्चचं शिफारसपत्र, पाळकांच्या सहीने
- प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स, रक्तगट, औषधांची अॅलर्जी, घरच्यांचा फोन
- अठरा वर्षांखालच्यांसाठी आई-वडिलांचं संमतीपत्र
- गटाचा अपघात विमा
- ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना दिलेल्या पत्राची पोच

शेवटचा मुद्दा टाळू नका. बाहेरून पंचवीस जण येऊन चर्चमध्ये मुक्काम ठोकतात तेव्हा गावात कुजबुज होते, आणि हल्ली ती लवकर पसरते. "चर्चची डागडुजी, अमुक ते अमुक तारीख, इतकी माणसं" असं साधं पत्र सरपंचांच्या हातात असलं की निम्मी कुजबुज तिथेच विरते. माझं मत स्पष्ट आहे: दुरुस्तीला गेलात तर दुरुस्ती करा. पत्रकं वाटणं, घरोघर जाणं या सहलीत मिसळू नका.

परदेशातून कुणी येणार असेल तर आणखी एक सापळा आहे. पर्यटक व्हिसावर मिशनरी काम करता येत नाही, त्यासाठी वेगळा व्हिसा असतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलेल्या आपल्या नातेवाइकांनाही 2021च्या अधिसूचनेनुसार मिशनरी कामासाठी खास परवानगी लागते. भिंत रंगवणं हे 'मिशनरी काम' की नाही, यावर विमानतळावर चर्चा करायची वेळ आणू नका. येण्याआधी लेखी विचारून घ्या.

6. पैसा

गटाचा पैसा कुणाच्या तरी फोनवर गोळा करून खर्च करणं सोयीचं असतं आणि नंतर भांडणाचं मूळ ठरतं. देणगी चर्चच्या खात्यात जमा करा, पावती घ्या, खर्च तिथूनच होऊ द्या. ट्रस्टचा हिशोब दर वर्षी तपासला जातो, म्हणून प्रत्येक खरेदीचं बिल चर्चच्या नावाने हवं.

परदेशातल्या पैशांचं नीट समजून घ्या. दुबईतला तुमचा भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेतल्या मामांनी तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड असो वा नसो, तर त्यांचा पैसा परदेशी देणगी ठरतो. ती फक्त एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, तीही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. गावच्या चर्चला हे शक्य नसतं. मामांना प्रेमाने नाही म्हणा, आणि शंका असली तर ट्रस्टच्या सीएला विचारा.

वाळूचंही इथेच सांगतो. रात्री येणारी स्वस्त नदीची वाळू घेऊ नका. रॉयल्टीची पावती नसेल तर ट्रॅक्टरसकट महसूल खातं उचलून नेतं आणि नाव चर्चचं खराब होतं. बिलासह मिळणारी कृत्रिम वाळू चालते, फक्त चाळून घ्या.

7. साहित्य आणि हत्यारं

घमेली, फावडी, कुदळी, पहार, थाप्या, ओळंबा, पाण्याची नळी-पातळी, छिन्नी-हातोडे, बारीक जाळीच्या चाळण्या, प्लास्टिकचे मोठे ड्रम, गोणपाट, ताडपत्री, सुताच्या दोऱ्या, तारेचे आणि केसाचे ब्रश. सफेदीला रुंद कुंचले लागतात, रोलर नको. माणशी रबरी हातमोजे, बंद बूट, डोळ्यांचा बंद चष्मा, धुळीचा मास्क. कौलांखाली काम करणाऱ्यांना हेल्मेट.

मास्क का, तर वटवाघळांची विष्ठा आणि जुन्या रंगाची धूळ. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून दारं-खिडक्या कोरड्या घासू नका. पाणी मारून खरवडा आणि खरवडलेलं गोळा करून टाका.

कौलं तालुक्याला मिळतील असं धरू नका. मंगळुरी कौलांच्या मापांत आणि खाचांत फरक असतो. जुनं कौल नमुन्याला घेऊन जा. पडक्या वाड्यांची जुनी कौलं विकणारे असतात, ती बहुधा नीट बसतात.

8. चुना

इथे थोडा वेळ घालवा, कारण सगळं इथेच अडतं.

सिमेंट का नको? जुनी भिंत दोन बाजूंना दगड आणि मधे चुना-मातीचा भराव अशी असते. तिच्यात ओल शिरते आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाळून बाहेर पडते. वरून सिमेंट मारलं की बाहेर यायची वाट बंद होते. काळा पाषाण कणखर, त्याला काही होत नाही. पण आतला भराव, भिंतीत शिरलेली लाकडाची टोकं आणि आतल्या बाजूचा गिलावा भोगतात. सिमेंट वरून छान दिसतं, म्हणून दुखणं उशिरा कळतं.

कळीचा चुना (भट्टीतले न भिजलेले खडे) आणलात तर तो विरवावा, म्हणजे पाण्यात फोडावा लागतो, आणि नवख्यांना सगळ्यात जास्त इजा इथेच होते. नियम एकच: ड्रममध्ये आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतायचं नाही. पाणी उकळतं, चुना उडतो आणि डोळ्यांत गेला तर डोळा जातो. पोरांना लांब ठेवा. डोळ्यांत गेलाच तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं सलग धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. दूध, तूप, काही घालू नका.

विरवलेला चुना पाण्याखाली जितका जास्त दिवस राहील तितका चांगला. निदान दोन-तीन आठवडे तरी. म्हणजे तुम्ही मे महिन्यात जाणार असाल तर हे काम गवंड्याने एप्रिलमध्येच करून ठेवायला हवं. गटाने पोचल्या दिवशी चुना विरवला आणि दुसऱ्या दिवशी लावला, तर न विरलेले कण भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. वेळच नसेल तर पोत्यातली फक्की (विरवलेल्या चुन्याची पूड) आणा, ती रात्रभर तरी भिजवा.

मसाला साधारण एक भाग चुना, तीन भाग वाळू. ओलीच्या जागी एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. त्यासाठी नीट भाजलेल्या विटाच हव्यात. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांच्या पाककृती प्रत्येक गवंड्याच्या वेगळ्या असतात. गवंडी जाणता असेल तर त्याचं ऐका. यूट्यूबवर पाहून स्वतः गूळ ओतू नका, मुंग्या लागतात.

दर्जा भरताना जुना, भुसभुशीत मसाला बोटाच्या पेराइतका खोल उकरा, सांधा झटका, पाणी मारा, मग नवा मसाला दाबून भरा. दगडाच्या तोंडावर पसरवू नका. उन्हात भिंत तापलेली असताना तर भरूच नका.

पुढचा भाग गट विसरतो. चुन्याचा गिलावा वाळवायचा नसतो, ओलसर ठेवायचा असतो. मे महिन्याच्या उन्हात तो दोन तासांत सुकला की भुगा होतो. गोणपाट टांगून दिवसातून तीन-चार वेळा शिंपा, निदान आठ-दहा दिवस. तुम्ही तोवर परतलेले असाल. म्हणून शिंपणारी व्यक्ती आधीच ठरवा आणि तिला मजुरी द्या. "महिला मंडळ बघेल" हे उत्तर नव्हे. महिला मंडळाला मे महिन्यात शंभर कामं असतात.

सफेदीसाठी चुना दुधाइतका पातळ करा आणि कापडातून गाळा. भिंत आधी भिजवा. पहिला हात लावला की भिंत जवळजवळ तशीच दिसते आणि पोरं म्हणतात, "दादा, हे काही लागत नाहीये." लागतंय. वाळल्यावर पांढरं उमटतं. तिथे घाईने दाट चुना फासला की पुढे पोपडे. पातळ चार-पाच हात, दोन हातांमध्ये एक दिवस. थोडा डिंक घातला तर कपड्यांना लागत नाही. ऑइल पेंटवर चुना बसत नाही, तो आधी खरवडावा लागतो आणि त्यात दिवस जातात. तसं असेल तर एकच भिंत घ्या.

9. दिवस कसा घालवायचा

मे महिन्यात ऊन चाळिशीपार असतं. सहाला सुरुवात, अकराला बंद. मधे जेवण, झोप, बायबल शाळा असेल तर ती सावलीत. साडेचारला परत, सातपर्यंत. गवंडी मात्र आठला येतो आणि पाचला जातो, त्याच्याशी वाद घालू नका. त्याच्या आधी तुम्ही माती काढा, मसाला कालवून तयार ठेवा.

कामाचा क्रम हलवू नका: छप्पर, पन्हळ, चर, मग भिंत, मग सफेदी, शेवटी लाकूड. आत काम सुरू करण्याआधी वेदीवरचं सामान, गीतांची पुस्तकं आणि विशेषतः जुन्या नोंदवह्या कमिटीच्या ताब्यात देऊन दुसरीकडे हलवा. बाप्तिस्मा आणि लग्नांच्या त्या नोंदी लोकांना अजूनही दाखल्यासाठी लागतात. भिंतीतल्या जुन्या पाट्यांना आणि आवारातल्या कबरींच्या दगडांना तारेचा ब्रश लावू नका, अक्षरांत रंग भरू नका. पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

रविवारी काम नाही. उपासना त्याच इमारतीत होईल असं पाहा, निम्मी परांची उभी असली तरी चालेल. मंडळीला आपलं काम आतून बघता येतं आणि सोमवारी दोन-चार गावकरी आपसूक मदतीला येतात.

10. जीव सांभाळा

परांची गावातल्या किंवा तालुक्याच्या सराईत माणसाकडून बांधून घ्या. पोरांनी सुतळीने बांबू बांधायचे नाहीत. शिडी टेकवताना चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, आणि खाली धरायला माणूस. वर हत्यारं दोरीने चढवा, फेकू नका. अठरा वर्षांखालच्यांना परांचीवर आणि चुन्याच्या ड्रमजवळ मनाई.

विजेसाठी तात्पुरती जोडणी घेणार असाल तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेला बोर्ड वायरमनकडून बसवून घ्या. ओल्या भिंतीशेजारी ग्राइंडर आणि जोडून-जोडून लांबवलेली वायर, एवढं अपघाताला पुरतं.

रचलेले दगड आणि कौलं उचलताना विंचू असतात, कधी साप. हातमोजे घालून, आधी काठीने हलवून उचला. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का, हे पोचल्याच दिवशी विचारून या. नसेल तर कुठे आहे तेही. रुग्णवाहिकेसाठी 108.

लाकडाला अळशीचं उकळलेलं तेल लावलंत तर चिंध्यांकडे लक्ष द्या. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

11. राहणं, जेवण, बोलणं

मुक्काम मिशन कंपाउंडमधल्या शाळेत किंवा घरोघर. मुलींची सोय वेगळी आणि त्यांच्यासोबत वयाने मोठी बाई हवीच. संडासाची आणि अंघोळीची सोय पाहणीतच बघा, नाहीतर पहिल्याच सकाळी गट निम्मा होतो.

जेवण महिला मंडळ करणार असेल तर किराणा तुम्ही भरा आणि स्वयंपाकाला मानधन द्या. "सेवा म्हणून करतो आम्ही" असं त्या म्हणतील. तरी द्या. त्यांची दिवसाची मजुरी बुडतेय. रोज कोंबडं कापायचा आग्रह होईल. एक दिवस ठीक, बाकी पिठलं-भाकरी मागा. ताईंना बरं वाटतं आणि दुपारी काम करताना पोटालाही.

पोचल्यावर वडीलधाऱ्यांना सलाम करा, पाळकसाहेबांच्या घरी जा, आणि गवंड्याला 'मामा' किंवा 'काका' म्हणा. कामावर तो सांगेल तेच. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने त्याला सिमेंटचं प्रमाण शिकवायचं नाही.

12. निघताना

शेवटच्या दिवशी समारंभ होईल, शाली-श्रीफळ होईल. त्याआधी कमिटीसोबत इमारतीभोवती एक फेरी मारा. काय झालं, काय राहिलं, पन्हळ कुठून साफ करायची, हे दाखवा आणि एका वहीत लिहून ठेवा. उरलेला चुना झाकणाच्या ड्रममध्ये पाण्याखाली ठेवा, तो पुढच्या वर्षी आणखी चांगला होतो. दहा-वीस कौलं शिल्लक ठेवा. बिलं आणि हिशोब कमिटीच्या खजिनदाराकडे सही घेऊन द्या. कचरा, चुन्याची पोती, रंगाचे डबे तुम्हीच तालुक्याला घेऊन जा.

जमलं तर जुलैत, भर पावसात, गटातल्या दोघांनी परत जावं. कुठे गळतंय ते त्याच दिवशी कळतं. ओल दिसली तर तिथे फोटो, तारीख, आणि वरची दोन-तीन कौलं गवंड्याकडून सरळ करून घेणं, इतकंच. गिलाव्याला हात दिवाळीनंतर.